वायरिंगची साक्ष

घरातील विद्युत जोडणी हे असे काम आहे, की त्याचा चांगुलपणा डोळ्यांना दिसत नाही आणि त्याचा दोष रोजच्या वापरातूनही सहसा कळत नाही. भिंतीला ओल आली की डाग पडतो, नळ गळू लागला की थेंबाचा आवाज येतो, दार फुगले की ते चौकटीत अडकते. वायरिंग मात्र सदोष असले तरी दिवा लागतो, पंखा फिरतो आणि बिलही ठरल्या दिवशी येते. म्हणूनच हे काम नीट झाले आहे अशी साक्ष कोणी द्यावी, ज्याने ते केले त्याने, ज्याच्या घरात ते झाले त्याने, की या दोघांच्याही नफ्यातोट्याशी संबंध नसलेल्या तिसऱ्या माणसाने, हा प्रश्न वीज कार्यालयातील कागदपत्रांपुरता उरत नाही. त्या घरात ओल्या हातांनी वावरणाऱ्या प्रत्येकाच्या जिवाशी तो निगडित असतो.

तंजावरमध्ये हा प्रश्न विशेष स्पष्टपणे दिसतो. १६७६ पासून १८५५ पर्यंत मराठी राजवट नांदलेल्या या शहरात राजवाड्याभोवतीच्या चार राजवीथींवर आणि त्यांना जोडणाऱ्या गल्ल्यांत अजूनही जुन्या बांधणीची घरे आहेत. समोर तिण्णै म्हणजे बसण्याचा ओटा, आत मुट्रम म्हणजे आकाशाला उघडा असलेला चौक, आणि मागे विहीर किंवा बोअर. अशा घरांत वीज एकदाच आली असे होत नाही, ती थराथराने येते. लाकडी पट्टीवर खिळलेल्या रबरी आवरणाच्या तारा हा पहिला थर, पुढे पीव्हीसी पाइपांतून नेलेल्या तारा हा दुसरा, आणि वातानुकूलन यंत्र, गीझर व पाण्याचा पंप यांच्यासाठी नंतर घाईने ओढलेल्या तारा हा तिसरा. प्रत्येक थर वेगळ्या कारागिराने बसवलेला असतो आणि आधीच्या थराचे काय करायचे हे बहुधा कोणी ठरवलेले नसते. ज्या कुटुंबांची मुले चेन्नईला किंवा बंगळुरूला स्थायिक झाली आणि घर भाड्याने दिले गेले, तिथे तर तारा कुठून कुठे जातात हे घरमालकालाही ठाऊक नसते आणि भाडेकरूलाही नसते. ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी पावसाच्या काळात उघड्या चौकाच्या कडेच्या भिंती ओल्या राहतात, हेही ध्यानात घ्यावे लागते.

दोष लपून राहतो म्हणजे नेमके काय होते, ते स्वयंपाकघरातल्या एका उपकरणावरून पाहता येते. इडली-डोशाचे पीठ दळणारा ओला ग्राइंडर तंजावरच्या बहुतेक घरांत असतो. तो धातूच्या अंगाचा असतो, पाण्याच्या सान्निध्यात चालतो आणि चालू असतानाच त्यात हात घालून पीठ खाली-वर करण्याची सवय सर्वत्र आहे. त्याच्या प्लगला तीन पिना असतात. त्यांपैकी दोन पिनांतून काम करणारा प्रवाह येतो-जातो, आणि तिसरी जाड पिन ग्राइंडरच्या धातूच्या अंगाला जमिनीशी जोडते. यालाच अर्थिंग म्हणतात. आतल्या एखाद्या तारेचे आवरण झिजून ती धातूच्या अंगाला टेकली, तर प्रवाहाला माणसाच्या शरीरापेक्षा सोपी वाट मिळावी, हा तिचा हेतू. परंतु सॉकेटच्या मागे तिसरी तार जोडलेलीच नसली, किंवा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये बसवलेला असला, तरी ग्राइंडर तितकाच उत्तम दळतो. तो असा वर्षानुवर्षे दळत राहतो. आतले आवरण झिजण्याचा दुसरा दोष ज्या दिवशी उद्भवतो, त्या दिवशीच पहिला दोष उघड होतो, आणि तो उघड करणारे माध्यम म्हणजे ग्राइंडरला हात लावणारी व्यक्ती असते.

तिसरी तार जोडलेली असली तरी काम संपत नाही. घराच्या अर्थिंगचा आणि रोहित्राच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या, अर्थिंगचा मिळून रोध २० ओहम आहे असे उदाहरणादाखल धरले, तर २३० व्होल्टच्या दाबाने त्यातून सुमारे साडेअकरा अँपिअर प्रवाह वाहील. सॉकेटवरचा एमसीबी, म्हणजे अतिप्रवाह झाल्यास आपोआप बंद होणारा खटका, १६ अँपिअरचा असेल तर त्याच्या दृष्टीने हा नेहमीचाच भार ठरतो आणि तो पडत नाही. त्या २० ओहमांपैकी १५ ओहम घराच्या बाजूला असतील, तर ग्राइंडरच्या अंगावर सुमारे १७२ व्होल्टचा दाब कायम राहतो. या धोक्यावरचा उपाय म्हणजे आरसीसीबी, ज्याला कारागीर जुन्या सवयीने ईएलसीबी म्हणतात. आत जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा, म्हणजे एका अँपिअरच्या शंभराव्या भागाच्या तिप्पट इतका, फरक पडताच तो वीज तोडतो. शिवाय अर्थिंगचा रोध स्थिर नसतो. कावेरीच्या खोऱ्यातली चिकणमाती नोव्हेंबरात पाण्याने भरलेली असते, तेव्हा मोजलेला आकडा सुंदर येतो. मेट्टूर धरणाचे पाणी १२ जूनच्या आसपास सोडण्याची प्रथा आहे, त्याआधीच्या मे महिन्यात तीच माती भेगाळलेली असते आणि तोच आकडा कितीतरी वाढतो. मोजणी कोणत्या महिन्यात केली हेदेखील म्हणूनच अहवालात यायला हवे.

हे सारे दोष शोधण्याच्या चाचण्या अवघड नाहीत. मेगर नावाच्या उपकरणाने ५०० व्होल्टचा एकदिश दाब मिनिटभर देऊन तारांच्या आवरणाचा रोध मोजतात आणि तो किमान १ मेगओहम असावा अशी भारतीय नियमांची जुनी अट आहे. प्रत्येक सॉकेटची तिसरी तार मुख्य अर्थिंगपर्यंत अखंड पोहोचते की नाही ते पाहतात. दिव्याचे बटण फेजच्या तारेवर आहे की चुकून न्यूट्रलच्या, हेही तपासतात. कारण बटण न्यूट्रलवर असेल तर दिवा लागतो-विझतो नेहमीसारखाच, पण बटण बंद करून बल्ब बदलणाऱ्याच्या बोटांपाशी होल्डरमध्ये वीज हजर असते. मध्यम घराला या कामास दोन-तीन तास पुरतात. प्रश्न असतो तो हे दोन-तीन तास प्रत्यक्षात कोणी घालवले का, एवढाच.

भारतीय कायद्याने या प्रश्नाला वेगवेगळ्या काळी वेगवेगळी उत्तरे दिली. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी घरातील जोडणीचे काम राज्य शासनाचा परवाना असलेल्या ठेकेदारानेच, आणि सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली करावे असे सांगितले. आधीपासून चालू असलेल्या जोडण्यांची तपासणी पाच वर्षांच्या आत पुन्हा व्हावी असेही सांगितले. २००३ च्या विद्युत कायद्यानंतर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० मध्ये सुरक्षाविषयक विनियम केले, त्यांत ही दोन्ही तत्त्वे राहिली. नवी जोडणी देताना, किंवा सहा महिन्यांहून अधिक काळ बंद असलेली जोडणी पुन्हा सुरू करताना, पुरवठादाराने एकतर स्वतः चाचणी घ्यावी किंवा परवानाधारक ठेकेदाराच्या सहीचा चाचणी अहवाल स्वीकारावा, असा पर्याय त्यात आहे. या 'किंवा' शब्दातच सारा विषय साठलेला आहे. पुढे २०१५ च्या दुरुस्तीने स्वयंप्रमाणन ही संज्ञा नियमांत आली. शासनाने जाहीर केलेल्या दाबापर्यंतच्या जोडणीची तपासणी व चाचणी मालकाने करून घेऊन स्वतःच दाखला द्यावा, असा तिचा अर्थ. हवे असल्यास विद्युत निरीक्षकाकडून तपासणी करून घेण्याची मुभा मालकाला ठेवली गेली. २०२३ मध्ये आलेल्या नव्या विनियमांनीही स्वयंप्रमाणनाचा मार्ग कायम ठेवला असून चार्टर्ड विद्युत सुरक्षा अभियंता म्हणजे शासनाने अधिकृत केलेला खासगी तज्ज्ञ, ही सोयही त्यात आहे.

इथे एक भेद नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण चर्चेत तो नेहमी पुसला जातो. ठेकेदाराचा चाचणी अहवाल म्हणजे काम करणाऱ्याने स्वतःच्या कामाबद्दल दिलेली ग्वाही. मालकाचे स्वयंप्रमाणन म्हणजे ज्याला त्या कामातले कदाचित काहीही कळत नाही, त्याने आपल्या मालमत्तेबद्दल दिलेली ग्वाही. कारखान्याच्या मालकाकडे नोकरीला विद्युत अभियंता असतो, त्यामुळे त्याच्या स्वयंप्रमाणनाला काही अर्थ असू शकतो. तंजावरच्या मानोजीअप्पा वीथीवरच्या निवृत्त शिक्षकाला मात्र आपल्या घराचे आवरण-रोध मापन योग्य आहे असे लिहून द्यायला लावणे म्हणजे जबाबदारी त्याच्या गळ्यात टाकून मोकळे होणे आहे. निरीक्षकाचा दाखला ही तिसरी गोष्ट, आणि ती सामान्य घरापर्यंत सहसा पोहोचत नाही. विद्युत निरीक्षकाला आगाऊ कळवण्याची अट १५ मीटरहून उंच इमारतींसारख्या ठिकाणी आहे. दोन मजली घराच्या उंबऱ्याशी त्याचे पाऊल पडण्याचे कारण एरवी उद्भवत नाही.

उरतो तो चाचणी अहवाल, ज्याला तंजावरपासून ठाण्यापर्यंत सगळे 'टेस्ट रिपोर्ट' म्हणूनच ओळखतात. देशभर रूढ झालेली पद्धत अशी, की घराचे वायरिंग ओळखीचा वायरमन करतो, त्याच्याकडे ठेकेदाराचा परवाना नसतो, आणि वीजजोडणीच्या अर्जाबरोबर जोडायचा अहवाल दुसऱ्याच एका परवानाधारकाच्या सही-शिक्क्याने थोड्याशा पैशांत मिळतो. तमिळनाडूत लोक ज्याला अजूनही नुसते 'ई.बी.' म्हणतात त्या वीज वितरण कंपनीच्या खिडकीवर तो कागद दिला जातो आणि मीटर बसतो. सही करणाऱ्याने काम केलेले नसते आणि बहुधा घरही पाहिलेले नसते. असा कागद हे धड स्वयंप्रमाणनही नव्हे, कारण त्यात 'स्वयं' कोणी नाही, आणि तपासणी तर नव्हेच. स्वतंत्र तपासणी चांगली की स्वयंप्रमाणन, हा वाद इंग्लंडात किंवा फ्रान्सात जितका खरा आहे तितका तो आपल्याकडे अजून झालेलाच नाही. आपल्याकडे आधी या दोहोंपैकी एकतरी प्रत्यक्षात घडायला हवे.

प्रामाणिक कारागिराने स्वतः तपासले तर दुसऱ्याची गरज काय, हा प्रश्न मात्र रास्त आहे आणि त्याचे उत्तर अप्रामाणिकपणाच्या आरोपात शोधू नये. छापखान्याच्या जगात लेखक स्वतःच्या लेखाचे मुद्रितशोधन करत नाही, कारण जे लिहायचे होते तेच त्याला दिसते, जे छापले गेले ते दिसत नाही. वायरमनचेही तसेच होते. मागच्या खोलीतल्या सॉकेटला तिसरी तार जोडली अशी त्याची खात्री असते, म्हणून तो ते सॉकेट पुन्हा उघडत नाही. याहून खोल अडचण ज्ञानाची आहे. अर्थिंगची तार आणि न्यूट्रल यांना सॉकेटमध्येच एकत्र जोडले तरी चालते असे ज्याला शिकवले गेले, तो तसेच जोडील आणि तपासतानाही ते बरोबर म्हणून सोडून देईल. चुकीच्या समजुतीने केलेली चूक त्याच समजुतीने तपासली तर ती सापडूच शकत नाही. त्यातच पैशांचा ओघ घरमालकाकडून ठेकेदाराकडे आणि ठेकेदाराकडून वायरमनकडे येतो, त्यामुळे काम थांबवून भिंत पुन्हा फोडावी लागेल असा निष्कर्ष काढण्यात या साखळीतल्या कोणालाच रस नसतो.

स्वतंत्र तपासनीस हे सर्व दुखण्यांवरचे औषध आहे, असेही नाही. निरीक्षकाची भेट तासाभराची असते, प्लास्टरच्या आत गेलेली तार त्याला दिसत नाही. तो उशिरा येतो, आणि जिथे त्याच्या सहीवाचून काम अडते तिथे त्या सहीला किंमत चिकटण्याचा धोका असतो. 'इन्स्पेक्टर राज' या शब्दामागे लोकांचा खरा त्रास आहे. कारागिराला आपल्या कामाची जबाबदारी स्वतःच्या नावाने घ्यावी लागली, तर त्याची प्रतिष्ठाही वाढते आणि काळजीही, ही स्वयंप्रमाणनाची बाजू मोलाची आहे आणि ती टाकून देण्यासारखी नाही.

तंजावर जिल्ह्याला कागद आणि वस्तुस्थिती यांतल्या अंतराची किंमत माहीत आहे. १६ जुलै २००४ रोजी कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघरातून पेटलेल्या आगीने शाकारलेले छप्पर घेरले आणि ९४ मुले गेली. ती आग विजेची नव्हती, परंतु पुढे चाललेल्या खटल्यातील आरोपींमध्ये शिक्षण खात्याचे अधिकारी आणि इमारतीचा दाखला देणारा अभियंता यांचा समावेश होता, म्हणजे न पाहता केलेल्या सहीचा प्रश्न थेट न्यायालयात उभा राहिला. २७ एप्रिल २०२२ च्या पहाटे शहराजवळच्या कळिमेडू गावात रथोत्सवाच्या वेळी रथाचा वरचा भाग उच्चदाबाच्या तारेला लागून ११ जणांचा मृत्यू झाला. विजेच्या अशा अपघातानंतर त्याची खबर निरीक्षकाला देणे २००३ च्या कायद्याच्या कलम १६१ ने बंधनकारक केले आहे, आणि शासन त्याला चौकशी करून अहवाल देण्यास सांगू शकते. कायद्यात स्वतंत्र नजरेला स्थान आहे, ती तिसऱ्या माणसाची साक्ष आवश्यक मानली गेली आहे; फक्त सामान्य घराच्या बाबतीत ती मृत्यूनंतर येते, आधी नाही.

१६ नोव्हेंबर २०१८ रोजी वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर आलेल्या गजा चक्रीवादळाने तंजावर, तिरुवारूर, नागपट्टिनम आणि पुदुक्कोट्टै या भागांत एक लाखाहून अधिक विजेचे खांब पाडले. वीज कर्मचाऱ्यांनी चिखलात उभे राहून पुरवठा पूर्ववत केला, ते काम थोर होते. परंतु ज्या घरांचे छप्पर उडाले आणि भिंतींतल्या स्विचबोर्डांत पावसाचे पाणी शिरले, त्यांची वीज सहा महिन्यांच्या आत परत आल्यामुळे नव्याने चाचणी घेण्याची वर सांगितलेली अट त्यांना लागूच झाली नाही. नियम काळ मोजतो, ओल मोजत नाही.

इतर देशांनी या गाठी वेगवेगळ्या रीतींनी सोडवल्या आहेत. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ जानेवारी २००५ पासून घरगुती विद्युतकाम इमारत नियमांच्या कक्षेत आले. नोंदणीकृत कारागीर स्वतःच्या कामाचा दाखला स्वतः देतो, मात्र ज्या योजनेत त्याची नोंदणी असते तिचा परीक्षक येऊन त्याच्या कामाचे नमुने तपासतो, आणि नोंदणी नसलेल्याने काम केले तर स्थानिक प्राधिकरणाला कळवावे लागते. इंग्लंडमधल्या खासगी भाड्याच्या घरांना २०२० च्या नियमांनी पाच वर्षांतून एकदा तपासणी सक्तीची केली. बेल्जियममध्ये नव्या घराची जोडणी मान्यताप्राप्त स्वतंत्र संस्थेने पाहिल्याशिवाय सुरू होत नाही आणि नंतर २५ वर्षांनी पुन्हा पाहिली जाते. जपानमध्ये घरोघरची तपासणी चार वर्षांतून एकदा होते. फ्रान्सची रीत आपल्याला सर्वांत जवळची वाटावी अशी आहे: कारागीर आपल्या नावाने अनुरूपतेचा दाखला भरतो, कॉन्सुएल ही संस्था त्यावर मोहोर उठवते आणि त्यांपैकी काही घरांना तिचे तपासनीस प्रत्यक्ष भेट देतात, १९७२ च्या शासकीय आदेशाने ही मोहोर वीजजोडणीसाठी सक्तीची झाली. आपण काम केलेले घर निवडले जाईल की नाही हे कारागिराला ठाऊक नसते, म्हणून प्रत्येक घराचे काम निवडले जाईल असे समजूनच करावे लागते.

तमिळनाडूसाठी साधा हिशेब मांडून पाहता येतो. राज्यात घरगुती वीजग्राहक दोन कोटींहून अधिक आहेत. प्रत्येक घर पाच वर्षांतून एकदा पाहायचे ठरवले तर वर्षाला ४० लाख घरे होतात. एका तपासनिसाने दिवसाला आठ घरे आणि वर्षाला २५० दिवस काम केले तरी २,००० प्रशिक्षित माणसे केवळ एवढ्यासाठी लागतील. याउलट वीस घरांमागे एक घर चिठ्ठी टाकून निवडले, तर तेच काम १०० माणसांत होते. असा नमुना मात्र तेव्हाच उपयोगी पडेल, जेव्हा अहवालावर तारा ओढणाऱ्या वायरमनचे नाव आणि प्रमाणपत्र क्रमांक असेल, 'ठीक आहे' या शब्दाऐवजी मोजलेले आकडे आणि मोजल्याची तारीख असेल, आणि चुकीचा आकडा लिहिणाऱ्याचा परवाना खरोखर जाईल. आयटीआयमधून वायरमनचा अभ्यासक्रम पूर्ण करून बाहेर पडलेल्या तरुणाला या व्यवस्थेत स्वतःच्या सहीचा अधिकार मिळाला पाहिजे. आज त्याचे काम दुसऱ्याच्या शिक्क्याखाली निनावी राहते, हा त्याच्यावरचाही अन्याय आहे.

नोंद ठेवण्याची रीत तंजावरला परकी नाही. दुसऱ्या सरफोजी राजांच्या काळात नेत्ररुग्णांच्या डोळ्यांची चित्रे काढून त्यांवरील उपचारांचे टिपण ठेवले जात असे आणि ते कागद सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. रुग्ण आला तेव्हा डोळा कसा होता हे त्या पानावर दिसते, म्हणून पुढच्या माणसाला उपचाराचे मोल ठरवता येते. घराच्या वायरिंगचा असा एखादा कागद, ज्यावर प्रत्येक मंडलाची, म्हणजे एका एमसीबीवर चालणाऱ्या तारांच्या समूहाची, आखणी आणि मोजमापे आहेत, मीटरच्या पेटीत ठेवलेला असेल तर वीस वर्षांनी येणारा कारागीर अंधारात चाचपडणार नाही, आणि घर भाड्याने घेणाऱ्यालाही तो मागून पाहता येईल.

तोवर घरातल्या माणसाच्या हातात एकच तपासणी आहे, ती म्हणजे आरसीसीबीवरचे 'टी' अक्षराचे बटण वेळोवेळी दाबून खटका पडतो का ते पाहणे. ती अवश्य करावी. खटका पडला नाही तर ते यंत्र त्याच दिवशी बदलावे. मात्र ते बटण दाबल्यावर यंत्राच्या आतल्या आतच थोडा प्रवाह आडवाटेने सोडला जातो, अर्थिंगच्या तारेचा त्यात कुठेही संबंध येत नाही. ग्राइंडरच्या सॉकेटमागची तिसरी तार तुटलेली असली तरी बटण दाबताच खटका पडतो आणि सर्व काही ठीक असल्यासारखे वाटते. ती तार जागेवर आहे की नाही, हे सांगण्यासाठी सॉकेट उघडून आत पाहणारा, हातात मापक असलेला माणूस त्या स्वयंपाकघरात यावाच लागतो.